मॅडमच्या चेहऱ्याचं सहावं पद

निरोप समारंभाला मागच्या भिंतीवर काहीतरी हवं, यावर पाणीपुरवठा कार्यालयात एकमत झालं. या कार्यालयात एकमत होणं ही चांगली खूण नसते. एकमत झालं की काम कोणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि या वेळी तो गळा दशांशचा होता.

दशांश हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. विज्ञानाची पदवी घेऊन तो इथे कनिष्ठ लिपिक म्हणून लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्क नानांनी त्याला किती वाजले म्हणून विचारलं. "अकरा वाजून सतरा मिनिटं, आपलं भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट पुढे आहे," असं उत्तर आलं. नाना तीस वर्षं त्या घड्याळावर घरी जात होते. त्यांनी तिथल्या तिथे बारसं उरकून टाकलं.

त्याच महिन्यात दशांशने कार्यालयप्रमुख मॅडमच्या अहवालातली चूक काढली. टाकीच्या क्षमतेत दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा चुकला होता. असली चूक सांगू नये एवढं शहाणपण पदवीत शिकवत नाहीत. तो केबिनमध्ये गेला तेव्हा बाहेर आवक-जावक सांभाळणाऱ्या मावशींनी त्याचा चहा दुसऱ्याला देऊन टाकला होता, कारण आता तो प्यायला परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मॅडमनी मात्र आकडा तपासला, लाल शाईने दुरुस्त केला आणि "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मॅडम म्हणजे दशांशच्या लेखी गुरुस्थानी. आणि आता त्या महिनाअखेरीस निवृत्त होत होत्या.

यात नुसता आदर नव्हता, हेही सांगायला हवं. दशांश अजून नोकरीत कच्चा होता. कायम होण्यासाठी कार्यालयप्रमुखाचा शेरा लागतो, आणि तो शेरा मॅडमनी शेवटच्या दिवसावर ठेवला होता. त्या तो न लिहिताच गेल्या तर काम नव्या साहेबांकडे जाणार, आणि नव्या साहेबांची ख्याती अशी, की त्यांच्या हाताखालचे कच्चे लोक पिकायच्या आधी गळतात. घरी सासऱ्यांना लग्नाच्या वेळी "कायम झाल्यातच जमा आहे" असं सांगितलेलं होतं. दर भेटीत सासरे "ते जमा झालं का?" असं विचारत, आणि बायको घाईघाईने चहा टाकायला उठे.

तर भिंतीवर काय लावायचं? नानांच्या मते फ्लेक्स. पण फ्लेक्स म्हटलं की तीन दरपत्रकं आणि वरच्या कार्यालयाची मंजुरी. मागच्या साहेबांच्या निरोपाची मंजुरी आली तेव्हा ते साहेब नातवंडांना शाळेत सोडून दुपारी झोपायला सरावले होते. दशांश म्हणाला, मंजुरी कशाला? वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर मॅडमचा पानभर फोटो आहे. आपल्याकडे झेरॉक्स मशीन आहे. त्यावर मोठं करायचं बटण आहे. एकदा मोठं केलं की एका पानाचं चित्र दोन पानांएवढ्या मोठ्या कागदावर येतं. तो कागद मधोमध कापला की पुन्हा साध्या मापाची दोन पानं. ती दोन मोठी केली की चार. मग आठ, सोळा, बत्तीस. सभागृहाच्या भिंतीवर बरोबर बत्तीस पानांचा चेहरा बसतो. आपण काल दुपारी स्टुलावर चढून मोजलं आहे.

"ही गुणोत्तर श्रेणी आहे," तो म्हणाला. "पहिलं पद एक, दर वेळी दुप्पट. बत्तीस हे सहावं पद. आपल्याला फक्त सहावं पद काढायचंय."

नानांनी चष्मा कपाळावर नेला. "पद आपण काढत नसतो रे. पद वरून मंजूर होऊन येतं. गेल्या बारा वर्षांत या कार्यालयात एकही आलेलं नाही."

गणित इथवर निर्दोष होतं. अडचण आली कागदाची. मोठे कागद भांडारपालाच्या कपाटात, आणि भांडारपाल म्हणजे कागदाला लग्नाच्या मुलीसारखा जपणारा माणूस; चिठ्ठीशिवाय तो टाचणीसुद्धा देत नसे. चिठ्ठीवर सही लागते कार्यालयप्रमुखाची. म्हणजे ज्यांना पत्ता लागू द्यायचा नव्हता, त्यांचीच. दशांशने नानांची सही चालेल का म्हणून विचारून पाहिलं. भांडारपालाने नियमावलीतलं कलम पाठ म्हणून दाखवलं आणि कुलूप ओढून बघितलं.

शेवटी दशांश चिठ्ठी घेऊन केबिनमध्ये गेला. चिठ्ठीत 'मोठे कागद, नग एकतीस, तातडीचे काम' असं होतं. दुसरं कोणी असतं तर पस्तीस लिहिले असते, आणि मॅडमनी न बघता सही केली असती. एकतीस बघून त्यांचं पेन थांबलं.

एकतीसच का, असं त्यांनी विचारलं. दशांशला आकड्यांबद्दल खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जन्मजात दोष. तो म्हणाला, आधी एक, मग दोन, मग चार, मग आठ, मग सोळा, बेरीज एकतीस. मॅडमनी विचारलं, ही दुपटीची वाढ कशाची? इथे मात्र आकडे संपले आणि शब्द सुरू झाले, आणि शब्दांच्या बाबतीत दशांशचा हात कच्चा. खिडकीबाहेर टाकी दिसत होती. तो म्हणाला, पाण्याच्या मागणीची.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाण्याची मागणी सरळ वाढत नाही, दुपटीने वाढते, हे वरच्या कार्यालयाला पटवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. त्यांच्या हाताखालच्या कोणी आपणहून असा अंदाज मांडल्याचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड आला. सही करत त्या म्हणाल्या, "जाण्याआधी मला हा अंदाज बघायचाय. तुमचा शेरा मी तो बघूनच लिहीन."

दशांश कागदाची मंजुरी हातात आणि धोंडा गळ्यात घेऊन बाहेर आला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, मग सरळ एक पाण्याचा अंदाजही करून टाका की." दशांशने समजावलं की त्याला मागच्या वीस वर्षांची आकडेवारी लागते, ती वरच्या कार्यालयात आहे आणि ती मिळवायलाही मॅडमचीच सही लागते. बायको म्हणाली, मग बाबांना सांगते की जमा व्हायला अजून वेळ आहे. इतक्यात शेजारचे काका आले. काकांना कुठल्याही घरातल्या अडचणीचा वास भिंतीतून येतो. अडचण शेऱ्याची आहे हे कळल्यावर त्यांनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि कागद भिंतीला कसे चिकटवणार ते विचारलं. दशांश चिकटपट्टी म्हणाला. काका हसले. भिंतीला खळच लागते, मैद्याची, पातळ, शिजवलेली, आणि ती कोमट असतानाच लावायची. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी तरुणपणी एका निवडणुकीत लावलेली पत्रकं अजून भिंतीवर होती; उमेदवार दोन वेळा पडून वारला, पत्रक पडलं नाही. बायकोने डब्यातला मैदा काढून दिला. मोजला दशांशने.

दुसऱ्या दिवशी मॅडम बैठकीत असताना दशांशने दोन वेळा मोठं करून घेतलं. टेबलावर चार पानं मांडली आणि त्याच्या लक्षात आलं की मॅडमना मिशी येते आहे. मूळ फोटोत नाकाखाली नुसती सावली होती. पण झेरॉक्स मशीनला करडं काही कळत नाही; ते दर वेळी करड्याचं काळं करतं. पहिल्या वेळी सावली दाट झाली, दुसऱ्या वेळी तिला टोकं फुटली. नाना म्हणाले, हे तर मागचे साहेब. मावशी म्हणाल्या, मागच्या साहेबांची याहून विरळ होती. दशांशने व्हाइटनरची बाटली मिळवली (तिमाहीला एक, चिठ्ठीसह) आणि मावशींना दाखवलं, की दर वेळी मोठं करण्याआधी ओठावरचा भाग असा हलक्या हाताने पांढरा करायचा. मावशींचा हात बसला. कापलेली पानं त्या जावक फायलींमध्ये लपवत. तिथे गेलेला कागद या कार्यालयात आजवर कोणाला सापडला नव्हता, तेव्हा याहून सुरक्षित जागा नाही.

आणि नेमकं पुढच्याच दिवशी मॅडमनी त्याला गावाबाहेरच्या पंपगृहावर पाठवलं. तिथल्या दोन मीटरांमध्ये फरक येत होता, आणि फरक कळणारा माणूस एकच. त्या स्वतः दिवसभर वरच्या कार्यालयात असणार होत्या. म्हणजे मशीन मोकळं आणि दशांश नाही. जाताना त्याने मावशींना आणि नानांना एकच सूचना दिली, आणि तोंडी सूचनेवर त्याचा विश्वास नसल्यामुळे ती मशीनवर चिकटवूनही ठेवली. 'सहाव्या पदावर थांबावे.' 'अजून तीन वेळा मोठं करा' असं कोणीही लिहिलं असतं. पण बरोबर शब्द असताना चालता शब्द वापरणं त्याला ढिलाईचं वाटलं.

पुढचं त्याला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. मावशींनी हिशेब केला तो असा. मूळ पान अहवालातलं, ते आपण कुठे केलं? या कार्यालयात न केलेलं काम मोजणारे पुष्कळ आहेत, आपण त्यातल्या नव्हे. तेव्हा पहिल्यांदा मोठं केलं ते पहिलं पद, दुसऱ्यांदा ते दुसरं, आणि अजून चार राहिली. त्या मशीनवर, नाना कात्रीवर. दुपारपर्यंत बत्तीस पानं झाली आणि मोठे कागद संपले. अगदी नेमके संपले, एकही उरला नाही. या योगायोगाचा अर्थ कोणीतरी लावायला हवा होता, पण सगळ्यांनी भलताच लावला. मावशी म्हणाल्या, पाचच झालेत आणि कागद संपला. नाना म्हणाले, म्हणजे बेरीज चुकली. कोणाची? दशांशची.

त्या दुपारी त्या कार्यालयात जो आनंद पसरला तसा पगारवाढीलाही पसरला नव्हता. दशांश चुकला ही बातमी टंकलेखन विभागापर्यंत गेली, तिथून लोक बघायला आले. भांडारपाल स्वतः उठून आला, रिकामं पुडकं उलटं करून पाहिलं, आणि त्या आनंदाच्या भरात, नोकरीत प्रथमच, चिठ्ठी न मागता कपाट उघडलं आणि बत्तीस मोठे कागद काढून दिले. व्हाइटनर मात्र त्याने दिलं नाही. आनंदालाही मर्यादा असते. बाटली मिशीच्या डाव्या अर्ध्यावर संपली.

शेवटच्या दिवशी सकाळी दशांश खळीचा डबा घेऊन सभागृहात आला, तेव्हा चेहरा जमिनीवर मांडून तयार होता. सगळे भोवती हात मागे बांधून उभे होते, चुकलेल्या माणसाकडे बघतात तसे प्रेमाने. दशांशने पानं मोजली. मग पुन्हा मोजली. चौसष्ट. साडेपाच फूट रुंद आणि पावणेआठ फूट उंच मॅडम, उजवीकडे अर्धी मिशी. भिंत लाकडी कठड्यापासून छतापर्यंत सहा फूट.

"हे सातवं पद आहे," तो म्हणाला.

मावशींनी मशीनवरचा कागद आणून त्याच्यापुढे धरला. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, आणि बोटं सहाच भरली. दशांशने पहिलं पद म्हणजे मूळ पान, हे समजावलं. मावशी म्हणाल्या, "मग तसं लिहायचंस ना रे, की फुकट मिळालेलंही धरायचं म्हणून." दशांश बत्तीसचा जुना संच शोधायला गेला, तर तो मोठं करताना कापून, पांढरा करून, पायाखाली येऊन संपला होता.

कापायचं ठरलं. काय कापायचं, हे ठरेना. नानांच्या मते हनुवटी. कपाळ कापणं म्हणजे बुद्धीचा अपमान. टंकलेखन विभागाच्या मते कपाळ, कारण हनुवटीशिवाय माणूस हुकूम देताना दिसत नाही. भांडारपाल म्हणाला, काहीही कापलं तरी कापलेल्या तुकड्यांची वेगळी नोंद लागेल. तेव्हा दशांशनेच मार्ग काढला. खाली सहा फूट भिंतीवर, वरचे पावणेदोन फूट छतावर. खळ कोमट होती. स्टूल, स्टुलावर टेबलाचा खण, खणावर दशांश. दुपारी सगळे खाली उभे राहून बघू लागले. भुवया भिंतीबरोबर संपत होत्या आणि कपाळ छतावरून वाकून सभागृहात आलं होतं. मॅडम भिंतीतून बाहेर येऊन प्रत्येक खुर्चीच्या डोक्यावरून बघत होत्या. एका शिपायाने तोंडातलं बिस्कीट गिळून टाकलं. मिशीचा उजवा अर्धा भाग दशांशने खडूने पुसट करायला घेतला. ओल्या खळीत खडू कालवला गेला आणि मिशी पिकली.

चार वाजता मॅडम आल्या. दारात थांबल्या, भिंतीकडे पाहिलं, मग मान मागे टाकून छताकडे पाहिलं. मग त्या शांतपणे स्वतःच्या हनुवटीखाली जाऊन बसल्या.

भाषणं झाली. नाना नेहमी अर्धा तास बोलतात. या वेळी वर बघत बघत चार मिनिटांत बसले. कोणी डुलकी घेतली नाही. मॅडम उत्तरादाखल दोन वाक्यं बोलल्या, आभार मानले, आणि त्यांची केबिन रिकामी झालेली असल्यामुळे उरलेल्या फायली तिथेच व्यासपीठावरच्या टेबलावर मागवल्या. सर्वांत वर भांडारपालाचा अर्ज होता, बत्तीस जादा कागदांना मागाहून मंजुरी मिळावी म्हणून. आनंद ओसरल्यावर त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. मॅडमनी सही केली. त्याच्याखाली दशांशची फाइल होती.

त्यांनी त्याला वर बोलावलं. "हाच का तो पाण्याचा अंदाज?"

"हो," दशांश म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे पाण्याचा नाही, मॅडम."

"थांबायचं कितव्या पदावर होतं?"

"सहाव्या."

"हे सातवं आहे."

तिसऱ्या रांगेत मावशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता आणि तोंड उघडलं होतं. दशांशने ते पाहिलं. बरोबर कोण आणि चूक कोण, हे त्या कार्यालयात फक्त दोन माणसांना सिद्ध करता आलं असतं, आणि ती दोन्ही व्यासपीठावर होती. मावशींकडे बोट दाखवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सासरे, बायको, नवे साहेब, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"सूचना माझी होती," तो म्हणाला. "मी पद लिहिलं. किती वेळा मोठं करायचं ते लिहिलं नाही. कळेल असं लिहिणं माझं काम होतं. आणि पाण्याचं मी खोटं बोललो, त्यात त्यांचा कोणाचा हात नाही."

मावशी खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"मग लिहिते, अंदाज प्रत्यक्षाच्या दुप्पट येतो. बरोबर?"

पहिल्या रांगेत नानांनी डोळे मिटून घेतले. या मुलाने आयुष्यात कधी 'सुमारे' म्हटलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. चित्र दुप्पट होतं, अगदी तंतोतंत. कागदांचं तसं नव्हतं. पण मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं, आणि टेकलेलं पेन अडवलं तर पुढच्या भेटीत सासरे काय विचारतील, हे त्याला पाठ होतं.

"बरोबर," तो म्हणाला.

पेन हललं नाही. मॅडम चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होत्या. भिंतीवरच्या, छताखालच्या, अर्ध्या पांढऱ्या मिशीच्या मॅडमही बघत होत्या.

"आणि कागद?"

दशांशचे खांदे खाली आले. "एकतीसच्या जागी त्रेसष्ट, मॅडम. दोन पूर्णांक शून्य तीन पट."

नाना कण्हले. मॅडम लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर सही केली, तारीख घातली, फाइल बंद करून मावशींकडे दिली आणि पाच वाजायच्या आत जावक क्रमांक टाका म्हणाल्या. मावशी फाइल कोणालाही न दाखवता आपल्या टेबलाकडे धावल्या. दशांशला ती शेवटी हाती लागली तेव्हा क्रमांकाची शाई ओली होती. लाल शाईत लिहिलं होतं:

'अंदाज प्रत्यक्षाच्या दुप्पट. पाणीपुरवठ्यात हे चालते, निम्मा आलेला चालत नाही. खरे बोलतात, मात्र दोनदा विचारावे लागते. कायम करावे.'